रुपीबाईच्या मांजरीचे बोंबील

रुपीबाई गेली तेव्हा तांड्यावरच्या लोकांनी नानाजींना म्हटलं, तुमचं तिच्याशी एवढं बोलणंचालणं होतं, दोन शब्द बोला. नानाजी उभे राहिले. टोपी काढली, पुन्हा डोक्यावर ठेवली आणि खाली बसले. बोलायला काही नव्हतं असं नाही. पण ही बाई आपल्याला माहीत होती, असं चार माणसांत छातीठोकपणे म्हणायची त्यांना हिंमत होईना. कितीतरी वर्षं ते तिच्या मांजरीसाठी पांढरकवड्याच्या बाजारातून सुके बोंबील आणून देत होते, आणि रुपीबाईच्या घरी मांजर नव्हती. एवढी साधी गोष्ट ज्याला कळली नाही, त्यानं कोणाबद्दल काय सांगावं?

तरी त्यांना जे ठाऊक आहे ते असं.

गाव आणि तांडा यांच्या मधून एक नाला वाहतो. गाव अलीकडे, बंजाऱ्यांचा तांडा पलीकडे. नानाजींचं कपाशी-तुरीचं वावर नाल्याला लागूनच. वावराच्या टोकाशी नाला वळण घेतो आणि त्या वळणात एक डोह आहे. काठावर मोहाचं जुनं झाड, म्हणून त्याला मोहाडोह म्हणतात. उन्हाळ्यात नाल्याचे नुसते गोटे उरतात, पण डोहाचं पाणी आटत नाही. रुपीबाई आपल्या बकऱ्या घेऊन दुपारी त्या झाडाखाली येऊन बसायची. नानाजी अलीकडे वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, भाकर सोडून बसायचे. मधे पाणी. ओळख झाली ती अशी, पाण्यावरून हाका मारत.

नवरा नेमसिंग वारल्यावर तिनं पोहरादेवीला जाऊन मांसमासळी सोडली होती, ती भगत झाली होती. तांड्यावर सेवालाल महाराजांच्या देवळात भोगाची, म्हणजे नैवेद्याची लापशी मांसमासळी न खाणाऱ्याच्याच हातची चालायची, आणि व्हायची ती तिच्याच हातची. गूळ किती, तूप कधी, गहू कसा भरडायचा, यात दुसऱ्या कोणाला बोलायची सोय नव्हती. कोणाच्या घरून कोंबडीच्या रश्श्याचा वास आला की ही ओढणी नाकाला लावून त्या घरावरून जायची आणि पुढच्या वळणावर थांबून ऐकू जाईल अशा आवाजात बोलायची. पोरंसोरं तिला घाबरत. मोठी माणसंही घाबरत, फक्त तसं दाखवत नसत.

एकदा नानाजी बाजाराला निघाले असताना तिनं नाल्यापलीकडून हाक दिली.

"भाऊ, बाजारात चालले का? माह्या मांजरीसाठी थोडे बोंबील आनजा."

"मांजर पाळली का?"

"आली एक. काळी."

नानाजींनी आणून दिले. पुढच्या बाजाराला पुन्हा आणले. मग ती रीतच पडली. कोकिळाबाईंना, म्हणजे नानाजींच्या बायकोला, सुकटीचा वास सहन होत नसे. त्यामुळे ती पुडी रात्रभर अंगणातल्या कडुलिंबाच्या फांदीला लटकलेली असायची आणि सकाळी वावरात जाताना नानाजी ती पोचती करायचे. कधी ते मांजरीची खुशाली विचारत. रुपीबाई म्हणायची, बरी आहे, पण अलीकडे दात दुखतात तिचे, जरा मऊ पाहून आणा. नानाजी सुकटवालीकडून मऊ निवडून आणत. कोकिळाबाईंनी एकदा विचारलं होतं, ही कोणती मांजर येवढे बोंबील खाते? नानाजी म्हणाले, मोठी असेल. कोकिळाबाई पदराआड हसल्या. का हसल्या हे विचारायचं नानाजींना सुचलं नाही.

अशात नाला खोलीकरणाचं काम मंजूर झालं. गावाला ते हवंच होतं. विहिरींना पाणी वाढेल, दुसरं पीक घेता येईल. नानाजींच्या विहिरीलाही त्याचा फायदा होता, त्यामुळे त्यांना मनातून बरंच वाटलं. नकाशात मोहाडोहही होता. तो खोदून सरळ करायचा, वळण काढून टाकायचं, दोन्ही काठ साफ करायचे, मोहाचं झाड मधे येत होतं तेही पाडायचं.

ग्रामसभेत सगळ्यांनी हात वर केले आणि रुपीबाई एकटी उभी राहिली. म्हणाली, बाकी नाला खोदा, पण डोहाला हात लावू नका, तिथं कासव राहतं. केवढं, असं सरपंच भारतनं विचारलं. तिनं दोन्ही हात पसरून परातीएवढं दाखवलं. पाठ कशी, तर टणक नाही, ओल्या चामड्यासारखी. नाक कसं, तर नळीसारखं. सभा हसली. त्या डोहात कोणी वर्षानुवर्षं कासव पाहिलं नव्हतं. मासे धरणारे तिथं गळ टाकून बसायचे, बैल धुतले जायचे, पोरं उड्या मारायची, आणि कोणालाच ते दिसलं नाही, ते रुपीबाईलाच तेवढं दिसावं? तांड्याचा नायक धनसिंग तिचा चुलत दीर लागायचा. तोही खाली मान घालून हसला. त्या दिवसापासून तिला डोहावर येताना पाहिलं की गावातली माणसं विचारायची, कासव चहा प्यायलं का?

ती उलटून बोलायची नाही, आणि हेच नानाजींना नवल वाटायचं. एरवी कोणाचं उधार न ठेवणारी बाई. फक्त डोहाकडे जास्त वेळ बघत बसायची. एकदा तिनं पाण्यावरून विचारलं, "भाऊ, मशीन आली म्हंजे ते कुठं जाईन?" नानाजी भाकरीचा तुकडा मोडत राहिले. वर आपल्या विहिरीचं पाणी डोळ्यासमोर आलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

कासवाची ही गोष्ट हसत हसत वनरक्षकापर्यंत गेली आणि तिथून सुरभीपर्यंत. सुरभी ही नागपूरच्या एका संस्थेतली मुलगी. जंगलातले पाणवठे तपासायला पांढरकवड्याला खोली घेऊन राहिली होती. ती स्कूटीवर आली, पाठीवर पिशवी, पिशवीत बाटल्या. जाळं नाही, पिंजरा नाही, कॅमेरासुद्धा नाही. नानाजींनी विचारलं, मग कासव धरणार कशात? तिनं समजावून सांगितलं. पाण्यात राहणारा किंवा पाणी प्यायला येणारा प्रत्येक जीव काहीतरी मागे सांडून जातो. कातडीचा कण, लाळ, विष्ठा. डोळ्यांना ते दिसत नाही, पण त्या कणांत त्या जिवाचा डीएनए असतो. पाणी अगदी बारीक गाळणीतून गाळायचं, ती गाळणी प्रयोगशाळेत न्यायची, आणि तिथं ताडून बघितलं की या पाण्यात कोण येऊन गेलं ते कळतं. वाघ येऊन पाणी पिऊन गेला असेल तर तोही कळतो. त्या जिवाला हात लावावा लागत नाही.

नानाजींना ते पटलं. कोकिळाबाई त्यांच्या सदऱ्याच्या वासावरून ते कोणाकडून आले ते सांगायच्या, त्यातलाच हा प्रकार.

डोहात उतरायची वाट रुपीबाईलाच चांगली ठाऊक, म्हणून सुरभीनं तिला बरोबर घेतलं. पण हातमोजे घालायची पाळी आली तेव्हा पंचाईत झाली. कोपरापर्यंतच्या पांढऱ्या बांगड्यांवरून ते चढेनात. नुसता पंजा झाकला तरी चालेल असं सुरभी म्हणाली, तर ही म्हणाली की बकरीचं बाळंतपण मी उघड्या हातानं करते, पाण्याला कायले मोजे? अखेर घातले. मग पाण्यात न उतरता दगडावर ओणवं होऊन तिनं बाटली भरली, अशी अलगद, जशी देवापुढं समई ठेवावी. सुरभीनं हातपंपानं ते पाणी गाळलं. गाळणी कुपीत बंद केली, कुपी बर्फाच्या डब्यात.

सगळं झाल्यावर रुपीबाईनं विचारलं, "पोरी, कोनं काय खाल्लं हेबी समजते का याच्यात?"

"कधीकधी समजतं," सुरभी म्हणाली.

रुपीबाई मोजे काढून उठली. बकऱ्यांना हाकत निघून गेली. त्या दिवशी ती भाकर खायलाही थांबली नाही. बकऱ्यांची वेळ झाली असेल, असं नानाजींना वाटलं.

निकाल पौषात आला. शाळेच्या ओसरीवर ग्रामसभा बसली. काम करणारे इंजिनिअरसाहेब आले होते, कारण पुढच्या आठवड्यात मशीन यायची होती. सुरभीनं एकेक नाव वाचलं. गाय, म्हैस, बकरी, माणूस. रोही, रानडुक्कर, मुंगूस. मरळ, शिंगाडा हे मासे, बेडकांच्या जाती. मग म्हणाली, मऊ पाठीच्या कासवाचा पुरावा सापडला आहे, थोडाच, पण आहे. हे कासव दुर्मिळ आहे, कायद्यानं त्याला संरक्षण आहे. लोक एकमेकांकडे बघायला लागले. नानाजींनी पाहिलं, रुपीबाई बायकांच्या घोळक्यात बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

सुरभीनं कागद पुन्हा पाहिला. पुढचं नाव तिनं गाळलं असतं तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. पण ती म्हणाली, "आणि एक समुद्री मासा सापडलाय. बोंबील."

सभेत असा हशा उठला की ओसरीवरची कबुतरं उडाली. भारत म्हणाला, "मॅडम, आता डोहात जहाज सोडा. आमी बंदर बांधतो." कोणी म्हणालं, मुंबईला जायची गरज नाही. हशा ओसरला तेव्हा इंजिनिअरसाहेब शांतपणे बोलले, आणि त्यांचं चुकीचं नव्हतं. समुद्रातला मासा इथं असूच शकत नाही. म्हणजे बाटल्यांची अदलाबदल झाली असेल किंवा प्रयोगशाळेत सरमिसळ झाली असेल. बोंबील खोटा असेल तर कासव तरी खरं कशावरून? काम थांबवता येणार नाही. सुरभी म्हणाली की बाहेरून काहीतरी पाण्यात आलं असेल, पण काय ते तिलाही सांगता येईना. तिचा चेहरा उतरला होता.

नानाजींच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्यांना वाटलं, ही आपलीच चूक. आपण पुड्या घेऊन नाल्यातून जातो, एखादी फाटून सांडली असेल. उठून सांगायला पाहिजे.  त्यांनी घसा खाकरला. तेवढ्यात रुपीबाईनं त्यांच्याकडे पाहिलं, नको म्हणून मान हलवली आणि स्वतः उभी राहिली.

"ते बोंबील माहे हायेत," ती म्हणाली.

कोणाला काही समजलं नाही. मागून एका पोरीनं विचारलं, काकी, तुमी त भगत हाये ना?

"हाये न. सारं सोडलं मी. बोंबील नाही सुटले."

या वेळी कोणी हसलं नाही. तिनं ओढणी सारखी केली आणि धनसिंगकडे न बघता सगळं सांगून टाकलं. घरी कसे खाणार, घर देवळाला लागून. म्हणून डोहावर. दुपारी गावातली माणसं जेवायला घरी गेली आणि नानाजी भाकर खाऊन वावरात लवंडले की तीन दगडांवर भाजायचे, त्याआधी खार जावा म्हणून डोहात चांगले धुवायचे. बाटली भरली त्याच्या आदल्या दिवशीही धुतले होते, तिथंच, त्याच दगडावर. पाण्याला हे समजतं हे तिला ठाऊक नव्हतं. आणि बोंबलांची मुंडकी ती पाण्यात टाकायची.

"ते मुंडकी खायले येते. म्हून मले दिसते, तुमाले दिसत नाही. मी काय जादू केली का त्याच्यावर?" मग नानाजींकडे बोट करून म्हणाली, "अन् या मानसाले कोनी काही बोलू नका. मांजर हाये म्हून मीच सांगतलं होतं. त्यायनं खरं मानलं."

आता मात्र सभा हसली, आणि नानाजींच्या तोंडाकडे बघून हसली. त्यांना वाईट वाटलं नाही. ते तिच्याकडेच बघत होते. देवळातल्या लापशीवर या बाईचा किती जीव होता हे तांड्यावरचं पोरही सांगू शकलं असतं. तीच गोष्ट तिनं डोहाच्या बदल्यात ओसरीवर ठेवून दिली होती. धनसिंग उठून उभा राहिला. तो तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "लापशी वर्षाले शिकवते. तिचा हात बरा हाये." वर्षा म्हणजे तिची सून.

त्यानंतर इंजिनिअरसाहेबांनाही आपल्या म्हणण्यावर अडून बसता आलं नाही. बोंबील कुठून आला ते कळलं होतं, म्हणजे चाचणीनं खोटं सांगितलं नव्हतं. पाणी पुन्हा तपासायचं ठरलं आणि तोवर डोहाचा भाग सोडून काम सुरू करायचं.

मधल्या दिवसांत डोहावर रुपीबाईनं जो पहारा ठेवला, तो नानाजी अजून विसरलेले नाहीत. कोणाला पाय बुडवू देईना. नानाजींचे बैल पाण्याकडे वळले तर तिनं काठी उगारली, बैलांवर नाही, नानाजींवर. स्वतः तर बोंबलाचं नाव काढलं नाही, घरीसुद्धा नाही, न जाणो हाताला वास राहील. त्या दिवसांत ती फार चिडकी झाली होती. बकऱ्यांशी भांडायची. बाजारात सुकटवालीनं नानाजींना विचारलं, काय बाबा, मांजर मेली का? नानाजी म्हणाले, नाही, उपास धरलाय तिनं.

घरी कोकिळाबाई म्हणाल्या की त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. नानाजी म्हणाले, मग मले काहून नाही सांगतलं? त्या म्हणाल्या, "सांगतलं असतं त तुमी आनून देनं बंद केलं असतं. बिचारीनं खावं काय?"

सुरभीनं या वेळी डोहाच्या वेगवेगळ्या कडांनी बाटल्या भरल्या. एक बाटली प्रयोगशाळेतूनच शुद्ध पाण्याची आणली होती, ती नुसती तिथं उघडून गाळली, हातातून काही जात नाही ना हे बघायला. रुपीबाईनं मोजे न बोलता घातले.

निकाल फोनवर आला तो नानाजींकडे, कारण रुपीबाई फोन वापरायची नाही. बोंबील नाही. कासव आहे, एकाहून जास्त बाटल्यांत आहे. नानाजी भर उन्हात नाला ओलांडून तांड्यावर गेले. ती चुलीपाशी बसली होती. त्यांनी सांगितलं.

"मले कायले सांगता? मले मालूमच होतं," ती म्हणाली आणि चुलीत फुंकर मारायला लागली. चूल चांगली पेटलेली होती.

डोह राहिला. खोलीकरण वळणाच्या खालून सुरू झालं. मोहाचं झाडही राहिलं. नानाजींच्या विहिरीला पाणी वाढलं ते थोडंच, पण वाढलं. देवळात लापशी वर्षा करायला लागली. पहिल्या वेळी गूळ कमी पडला, सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ली. पुढच्या भोगाला धनसिंग स्वतः रुपीबाईच्या दारात गेला. म्हणाला, पळीला हात लावू नको भोजाई, पण तिथं येऊन बस आणि तोंडानं सांग. तोंडाची तिला सवय होतीच. लापशी पूर्वीसारखी झाली, वर्षाचे मात्र हाल झाले.

सुरभीनं निघताना एकच बजावलं होतं, कासवाला खारवलेलं खाऊ घालू नका, ते त्याला बाधतं. रुपीबाईनं हे ऐकलं. त्यानंतर ती मुंडकीही स्वतःच खायला लागली. आता लपवायचं काही नव्हतं. पण ती खायची डोहावरच, पाण्यापासून लांब, आणि धुवायला घरून तांब्या आणायची.

कासव बघायला नानाजी पुष्कळदा तिच्याशेजारी जाऊन बसले. तिला मुंडक्यांशिवायही ते दिसायचं. ती हळूच म्हणायची, ते पाहा. नानाजी बघायचे तोवर पाणी सपाट. ती म्हणायची, तुमी हालता. एकदा मोहाच्या मुळाशी नळीसारखं काहीतरी वर आलं आणि गेलं असं त्यांना वाटलं. काडी असेल. शपथ घेऊन सांगायची वेळ आली तर नानाजी सांगणार नाहीत.

यंदा थंडीत तिचे गुडघे फारच धरले. दिग्रसला मुलगी जमनी असते, तिच्याकडे दवाखाना करायला जायचं ठरलं. तिथंच एका सकाळी चहा होईस्तोवर ती गेली. गुडघ्याचं दुखणं आणि नेलं काळजानं. तांड्यावर आणली तेव्हा तिच्या पिशवीत औषधांच्या गोळ्या तशाच होत्या.

ती दिग्रसला निघाली त्या दिवशी नानाजी बाजाराला चालले होते. फाट्यावर दोघंही गाडीची वाट बघत उभे होते, ती इकडच्या बाजूला, ते तिकडच्या. नाल्यासारखाच मधे रस्ता. ट्रक जात होते, त्यामुळे ओरडून बोलावं लागत होतं. त्यांची काळीपिवळी जीप आधी आली. पायरीवर पाय ठेवता ठेवता त्यांनी विचारलं,

"मांजरीसाठी काही आनू का?"

"आना न. पर बारके पाहून आनजा, मांगचे लय खारट होते."

"बरं."